सिस्टरचं कानातलं

सिस्टरच्या घरी भाड्यानं राहायला गेले त्या पहिल्याच संध्याकाळी मी त्यांच्या घराचा मेन स्विच पाडला. वरच्या खोलीत सामान लावून झालं होतं, चहा ठेवला होता, आणि खालून घरघर सुरू झाली. लातूरच्या नळाला पाणी रोज येत नाही. मी नांदेडची, आम्ही गोदावरीकाठची माणसं पाण्याच्या बाबतीत बेफिकीर असतो. त्यामुळं निघताना जो तो मला बजावत होता, की बाई, तिथं मोटर कोरडी चालू देऊ नकोस, जळली तर गल्लीभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी धावत जिना उतरले आणि मीटरच्या पेटीतला खटका खाली ओढला. पंखा थांबला, ट्यूब गेली. घरघर चालूच राहिली.

आत पांढऱ्या साडीतल्या एक बाई डोळे मिटून खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर तांब्याएवढा स्पीकर होता.

"मोटर कोरडी चालून राहिलीय," मी धापा टाकत म्हणाले.

"मोटर न्हाई ती," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "नॉर्वेचं पोरगं हाय. बस जरा. आता बदलणार हाय त्ये."

मी अंधारात बसले. बदललं काहीच नाही. बऱ्याच वेळानं ती घरघर किंचित खालच्या पट्टीत गेली आणि सिस्टरनी डोळे उघडून 'बघ, म्हणलं नव्हतं?' अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं. मला धक्का बसला. तसा मला धक्का लवकर बसतो, कुणी चहात मीठ टाकून पिताना दिसलं तरी माझा दिवस जातो. पण साठी उलटलेली बाई मन लावून घरघर ऐकते, आणि ती घरघर कोणी मुद्दाम केलेली असते, हे मला एका दमात पेलवलं नाही. वर चहा उतू गेला होता.

गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नव्हतं. सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात सारी नोकरी काढलेली, म्हणून सिस्टर. नवरा वारलेला, मुलगा नांदेडला सरकारी ऑफिसात. माहेर कंधारचं. बैठकीत बुद्धाची मोठी तसबीर, तिच्यापुढं रोज ताजी फुलं, दर रविवारी विहारात वंदनेला जाणं. मी कोणाकडं उतरले हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं आधी आडनाव विचारलं. ते ऐकून ती म्हणाली, "पाणी वेळेवर येतं ना?" आमच्या घरात अशा वेळी पाण्याबद्दल बोलायची पद्धत आहे.

मी एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचे. लातूरला पोरं डॉक्टर व्हायला येतात. माझ्या तासाला ती जीवशास्त्राचे प्रश्न सोडवायची आणि मीही सोडवू द्यायचे. गाण्यातलं मला भावगीतापलीकडं काही कळत नव्हतं, कळून घ्यायची इच्छाही नव्हती. सिस्टरना याचं काही वाटत नसे. औषध आवडतं का, असं त्यांनी आयुष्यात कोणा पेशंटला विचारलं नव्हतं.

त्या गाणं देत तेही औषधासारखंच. जिन्यात गाठून मनगट धरायच्या, नाडी बघायच्या, खालची पापणी ओढून डोळा बघायच्या आणि मग फोन काढायच्या. "हे उपाशीपोटी ऐक. हे जेवणानंतर, आडवं न होता. आणि हे तू अजून घेऊ नको, तुला झेपायचं न्हाई." गाणं पाठवलं की खाली दोनच शब्द लिहायच्या: 'ऐकून घे.' आपल्याकडं ऐकून घेणं म्हणजे कोणीतरी झापत असताना मान खाली घालून उभं राहणं. माझ्यापुरता तोच अर्थ बरोबर होता. दूधवाला, इस्त्रीवाला, समोर ब्लाउज शिवणाऱ्या बाई, सगळ्यांना डोस सुरू होते. इस्त्रीवाल्यानं एकदा मला हळूच विचारलं, "मॅडम, सिस्टरला सांगता का, माझी तब्येत आता ठीक हाय म्हणून?"

गाण्यांच्या जाती त्यांनी स्वतः पाडल्या होत्या. एका ठोक्यावर न थांबता चालतं ते गिरणीचं. ज्यात काही घडत नाही, नुसतं थेंब थेंब पडतं, ते सलाइनचं. अडखळत, तुटत जातं ते उचकीचं. आणि भांडी आदळल्यासारखं वाजतं, ज्यानं मला दार लावून घ्यावंसं वाटायचं, ते भांड्याचं. "आज भांड्याचं लई चांगलं सापडलं," असं त्या म्हणाल्या की मी कॉलेजात मीटिंग काढायचे.

पण त्या गाणी शोधायच्या कशा, हे कळल्यावर मला दुसरा धक्का बसला. जगभरातली अनोळखी माणसं जिथं आपापलं संगीत आणून ठेवतात अशा एका जागी त्या फोनवरून जायच्या. तिथं प्रत्येक गाण्याखाली किती जणांनी ऐकलं त्याचा आकडा असतो. ज्याच्या खाली शून्य, तेच सिस्टर लावायच्या. हजारो लोकांनी ऐकलेल्या गाण्याला त्या हात लावत नसत, मग ते कितीही गाजलेलं असो.

"कामून?" मी विचारलं.

"वॉर्डात शिरल्यावर कुठल्या कॉटकडं आधी जायचं?" त्यांनी उलट विचारलं.

"जो जास्त आजारी असेल त्याच्या."

"त्याच्याकडं डॉक्टर जातो. ज्याच्या कॉटपाशी नातेवाईक न्हाई, त्याच्याकडं सिस्टरनं आधी जायचं. बाकीच्यांचं बघायला हायेत की त्यांचे लोक."

ऐकून झाल्यावर गाण्याखाली त्या शेरा लिहायच्या, मराठीत. समोरचा लिथुआनियाचा असो की मणिपूरचा. 'ऐकलं. सुरुवात बरी. मधी दम लागला तुला. पाणी पीत जा.' किंवा: 'लई घाईत संपवलंस. कोणी बोलवलं होतं का?' मला वाटायचं हे कोण वाचणार. एकदा त्यांनी मला फोन दाखवला. कुठल्याशा थंड देशातल्या मुलानं मशीनकडून भाषांतर करून घेऊन मशीनच्याच मराठीत उत्तर लिहिलं होतं: 'आदरणीय स्त्री, मी आता पाणी पितो. तुमच्याखेरीज माझ्याकडे कोणी आले नाही.' सिस्टरनी चष्मा पुसला आणि त्याला लिहिलं, 'शाबास. दुसरं टाक.'

मी मराठीची शिक्षिका. बाईच्या एवढ्या नादामागं काहीतरी दुःख असलंच पाहिजे, असं मला आमच्या अभ्यासक्रमानं शिकवलेलं. नवरा गेल्यावर घरातला सन्नाटा असेल, किंवा वॉर्डात हातातून गेलेलं एखादं लेकरू. एके दिवशी मी आवाज मऊ करून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला हे ऐकावंसं कधीपासून वाटायला लागलं?"

"हात कणकेचे होते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फोनवर भीमगीतं लावली होती आन् कणीक मळायले होते. गाणी संपली, फोनानं आपल्या मनानं काहीतरी दुसरंच लावलं. हात कणकेचे, बंद कशी करू? कणीक होईस्तोवर ऐकलं. आवडलं."

"एवढंच?"

"मग काय पायजे तुला? चांगलं हाय म्हणून ऐकायले. कोणी मेलं तरच ऐकायचं असतं का?"

मी फार ओशाळले. नंतर त्यांनी दिलेलं एक सलाइनचं गाणं मला चक्क आवडलं, मणिपूरच्या कोणा मुलीचं होतं. आणि ते आवडलं याचाच मला इतका धक्का बसला की मी त्यांना दोन दिवस सांगितलं नाही.

सिस्टर चिडायच्या फक्त एका गोष्टीवर. गल्लीत कोणाच्या लेकराच्या दंडाला काळा दोरा दिसला की त्यांचा आवाज चढायचा. "ताप चढला की आधी देवऋष्याकडं न्यायचं, अंगारा लावायचा, आन् लेकरू थंड पडायलं की मग आमच्याकडं आणायचं. आमच्या हाती काय राहतं मग?" एरवी वॉर्डातलं त्या फारसं सांगत नसत. एवढंच म्हणायच्या, की मी पेशंटशी कधी खोटं बोलले न्हाई, सुई दुखणार असंल तर दुखणार म्हणून सांगायचे.

आता मुलाबद्दल. तो नांदेडहून महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. सरळ, कष्टाळू, नाकासमोर चालणारा माणूस. वस्त्यावस्त्यांत जाऊन अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं करायचा, आणि भाषणात नेहमी आईचं उदाहरण द्यायचा. आईनं एकटीनं लातूरला राहणं त्याला पसंत नव्हतं. आपल्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली तयार ठेवलेली. हे घर विकून तिनं तिकडं यावं, हे त्याचं पालुपद. सिस्टर म्हणायच्या, "तुझ्याकडं भिंतीला भिंत लागून हाय. माझं भांड्याचं लागलं की तुझी बायको उठून जाईल, आन् ती बिचारी बरोबर असंल." एकदा लातूरच्या शेजाऱ्यांनीच त्याच्याकडं आवाजाची तक्रार केली. त्यावर त्यानं शहाणपणानं तोड काढली आणि आईला कानात घालायची ती बिनवायरीची पांढरी बोंडं आणून दिली. गल्ली शांत झाली. पुढचं सगळं त्या शांततेमुळं घडलं.

त्या दिवशी पाणी आलं होतं. पाण्याच्या दिवशी सिस्टर डोक्यावरून न्हायच्या. एरवी त्यांचा अंबाडा इतका घट्ट, जाळीत बसवलेला असायचा की नर्सची टोपी अजून डोक्यावर आहे असं वाटावं. पण न्हाल्यावर त्या केस मोकळे सोडून बैठकीत बसत. केस दाट होते, कंबरेपर्यंत. दुपारी मी कॉलेजातून आले तर दारापुढं चपलांचा ढीग. आत पाच-सहा बायका जमिनीवर हात जोडून बसलेल्या. पुढं नारळ, हळदकुंकू, कोणीतरी उदबत्ती लावलेली. आणि मधोमध सिस्टर, डोळे मिटून, ओले केस चेहऱ्यावर, डोकं गरागरा घुमवत होत्या.

मी उंबऱ्यातच थांबले. मग लक्षात आलं, की हे गिरणीचं चाललंय. बोंडं केसांत झाकली गेली होती. समोरच्या ब्लाउजवाल्या बाई चाळणी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं. घरात ना गाणं ना आवाज, वार शुक्रवार, बाईचे केस मोकळे आणि डोकं घुमतंय. त्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि गल्ली गोळा करून आणली.

"आई, माझ्या पोरीचं यंदा जमंल का?" त्या वाकून विचारत होत्या.

मी जाऊन सिस्टरच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. नारळ पाहिला, उदबत्ती पाहिली, पायाशी वाकलेल्या बाई पाहिल्या. बुद्धाच्या तसबिरीखाली हा सगळा थाट मांडलेला. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं आता या कोसळतात.

"उठा," त्या म्हणाल्या. "उठा आधी. माझ्या अंगात काही आलेलं न्हाई. हे बघा, गाणं ऐकायले मी." त्यांनी एक बोंड काढून पुढं धरलं.

"हे कानातलं हाय ना?" ब्लाउजवाल्या बाई म्हणाल्या. "नवं केलं का, सिस्टर?"

सिस्टरनी ते सरळ त्यांच्या कानात बसवलं. इथं चुकलं. त्या बाईंनी आयुष्यात कानात एवढ्या जवळून काही ऐकलेलं नव्हतं. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग मान हलायला लागली, मग खांदे, आणि बघता बघता त्या स्वतःच घुमायला लागल्या. अंबाडा सुटला, कुंकू कपाळभर झालं. बाकीच्या बायकांनी पदर पसरले. सिस्टर "अगं काढा ते, काढा" म्हणत राहिल्या, पण ऐकणार कोण. शेवटी मी ते बोंड उपटून त्याच्या चार्जिंगच्या डबीत टाकलं आणि झाकण लावलं, तर बाई लगेच शांत झाल्या. तेव्हा एक म्हातारी त्या डबीला हात जोडून म्हणाली, "देवी डबीत ठिवली हाय सिस्टरनं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण सिस्टर उंबऱ्यात बसून रडत होत्या.

कोणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं. ते चित्रण आठवड्याच्या आत नांदेडला पोचलं, मुलाच्या ऑफिसात. ज्या आईचं उदाहरण हा भाषणात देतो, तीच केस सोडून घुमते आहे आणि समोर नारळ. तो रविवारी आला. सोबत दोन मोठ्या रिकाम्या बॅगा होत्या. मला त्यानं खाली बोलावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या हायात. मला खरं सांगा, आईचं डोकं ठिकाणावर हाय का?"

"तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त आहे," मी म्हणाले.

"मग हे काय हाय? लोकांना दोनच गोष्टी समजत्यात. बाई घुमायली म्हणजे एकतर अंगात आलंय, न्हाईतर वेड लागलंय."

"तिसरं हाय," सिस्टर आतून म्हणाल्या. "गाणं चांगलं असतंय."

"ते मला माहीत हाय, आई. पण मी ते कोणाकोणाला समजावू? उद्यापासून इथं लायनी लागतील. तू सामान भर. घराचं मी बघतो." तो ओरडत नव्हता. "तिकडं फोनवर हे बी बंद. भीमगीतं ऐक, पायजे तेवढी ऐक. पण हे न्हाई."

सिस्टर त्या बॅगांकडं बघत होत्या. घर, गच्ची, ती शून्यवाली पोरं, सगळं त्या दोन बॅगांच्या बाहेर राहणार होतं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या बाई हो म्हणतील. मुलाची मान त्यांच्यामुळं खाली गेली होती, ते त्यांना सोसत नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. एक म्हातारी, मागं तिची तरुण सून, सुनेच्या खांद्यावर लेकरू. शिरूर अनंतपाळकडच्या खेड्यातून एसटीनं आल्या होत्या. "डबीवाली देवी इथंच का?" म्हातारीनं विचारलं.

मुलगा तिला समजवायला पुढं झाला, पण सिस्टर त्याला बाजूला सारून लेकरापाशी पोचल्या होत्या. त्यांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. टाळूवर हात ठेवला. "जुलाब कवापासून?" सुनेनं सासूकडं पाहिलं. "परवापासून," ती पुटपुटली.

"रिक्षा बोलव," सिस्टर मला म्हणाल्या. "सरकारी दवाखाना. लगेच."

"दवाखान्यात न्हाई," म्हातारी म्हणाली. "थोरला नातू तिथं नेला, तो परत आला न्हाई. देवीला विचारायला आलाव आम्ही."

"मी देवी न्हाई, बाई. नर्स हाय मी. वॉर्डात जिंदगी गेली माझी. लेकराच्या अंगातलं पाणी संपायलंय. आत्ता सलाइन लागलं न्हाई तर संध्याकाळ बघायचं न्हाई ते."

"समदेच आधी न्हाई म्हणत्यात," म्हातारी शांतपणे म्हणाली.

मुलानं आपल्या भाषणातलं सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, आवाज न चढवता. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "चल. हितं बी काही न्हाई." सुनेचे ओठ हलले, पण ती सासूमागं वळली. लेकराची मान तिच्या खांद्यावरून खाली लोंबत होती. रडतसुद्धा नव्हतं ते. मी फाटकातूनच एक रिक्षा थांबवून ठेवली होती आणि काय करावं मला कळत नव्हतं. लेकरू हिसकावून घ्यावं असं वाटत होतं.

तेव्हा सिस्टरचा हात डोक्यामागं गेला. त्यांनी जाळी काढली. आकडे काढले, एक एक करून, घाई न करता, आणि ते फरशीवर पडू दिले. केस सुटले. मुलगा म्हणाला, "आई, नको." त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. डोळे मिटले आणि त्या घुमायला लागल्या. या वेळी कानात काही नव्हतं.

आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता. "म्हातारे," त्या म्हणाल्या, "कुठं चाललीस माझं लेकरू घेऊन?"

म्हातारी जागच्या जागी बसली.

"आत्ताच्या आत्ता उठायचं. रिक्षात बसायचं. सरकारी दवाखान्यात जायचं. तिथं माझ्या बाया हायेत पांढऱ्या कपड्यातल्या. त्या सुई टोचतील, टोचू द्यायची. सलाइन लावतील, हात लावायचा न्हाई. डॉक्टर सोडतो म्हणत न्हाई तोवर उठायचं न्हाई. अंगारा लावला तर माझ्याशी गाठ हाय. आन् पाणी उकळून, गार करून पाजायचं, जल्मभर."

म्हातारीनं कपाळ फरशीला टेकवलं आणि सुनेच्या आधी ती रिक्षात बसली. मी सोबत गेले. वॉर्डात शीर सापडायला वेळ लागला, तरी सापडली. म्हातारी कॉटपाशी हात जोडून उभी होती आणि जी नर्स येईल तिच्या पाया पडत होती. दिवस कलताना लेकरू रडलं. इतक्या बेसूर आवाजाचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

परत आले तर मायलेक बैठकीत समोरासमोर बसले होते. सिस्टरचे केस तसेच मोकळे. मी म्हणाले, "रडलं." त्यांनी मान हलवली.

"आई, तू खोटं बोललीस," मुलगा म्हणाला.

"हाव."

"तसबिरीसमोर."

"हाव."

"मला जल्मभर शिकवलंस..."

"शिकवलेलं बरोबर हाय. आज मी चुकले. लेकरू गेलं दवाखान्यात, पण म्हातारी आता गावभर सांगणार. पुढची बाई दवाखान्याच्या आधी माझ्याकडं येईल, मी घरी नसले तर वाट बघंल. हे मीच केलं, आता मलाच बंद करावं लागंल."

मला वाटलं, आता त्या फोन त्याच्या हातात देणार. उठून वर गेले, कारण ते मला बघायचं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि मुलाचा राग येत होता, आणि त्याचं काही चुकलेलं नाही हे कळून तो राग आणखी वाढत होता.

सकाळी जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर माझा हात तोंडावर गेला. ओसरीत सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर केस नव्हते. म्हणजे होते, बोटाच्या पेराएवढे, वेडेवाकडे, इथं जास्त तिथं कमी. बाकीचे सगळे वर्तमानपत्रावर पडलेले. विधवेचे केस जाणं याचा आमच्या घरात एक जुना, वाईट अर्थ आहे, आणि तो क्षणभर माझ्या डोळ्यांपुढून गेला. पण ही बाई निवांत बसली होती. दोन्ही कानांत ती पांढरी बोंडं, कुठूनही दिसतील अशी.

"मागचं मला येईना," त्या मला म्हणाल्या, जरा मोठ्यानं, कारण गाणं चालू होतं. "म्हणून याला उठवलं."

मुलगा मागं उभा होता, शिवणाची कात्री हातात. त्याचे डोळे लाल होते. तो आईचं डोकं एका हातानं धरून मानेवरचे केस सारखे करत होता. "हलू नको," तो म्हणाला. "ठेका धरू नको, कान कापंल."

"किती दिवसांचं डोक्यात होतं?" मी कसंबसं विचारलं.

"दिवस कशाला? काल तूच सांगितलंस की रडलं म्हणून. मग बसून इचार केला. केस असले तर मान हलली की देवी येती. नसले तर म्हातारी गाणं ऐकायली, एवढंच दिसंल." मग मुलाला: "तुझ्या बॅगा रिकाम्याच ने. मी हितंच हाय."

त्यानं मानेवरचे केस फुंकरीनं उडवले.

तेवढ्यात फाटकाशी एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. हातात नारळ, पदराखाली तेलाची वाटी. तिनं सिस्टरचं डोकं पाहिलं, कानांतली बोंडं पाहिली, मागं कात्री घेऊन उभा असलेला मुलगा पाहिला.

सिस्टरनी एक बोंड काढलं. "ये की आत. बीपी तपासायचं का गाणं ऐकायचंय? तिसरं काही मिळत न्हाई हितं."

बाईनं एकदा नारळाकडं पाहिलं. मग तो पिशवीत टाकून ती आत आली, पायरीवर बसली आणि बाही वर सरकवली. "बीपीच बघा," ती म्हणाली.